मास्टर मेसन झालो, आता लॉजमध्ये काय करू?

प्रश्न थोडक्यात असा: "वय ३४. रेवदंड्याला हार्डवेअरचं दुकान. दीड वर्षापूर्वी मुंबईच्या एका लॉजमध्ये तिसरी डिग्री झाली. मीटिंगला जमेल तसा जातो, मागच्या रांगेत बसतो, जेवतो, परत येतो. कुणी काही सांगत नाही, मीही विचारत नाही. लॉजमध्ये जास्त सहभागी व्हायचं तर नेमकं काय करायचं?"

मी अलिबागचा. मेसन होऊन २६ वर्षं झाली. मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या प्रमुखाच्या खुर्चीत एक वर्ष बसलो, सेक्रेटरी म्हणून बरीच वर्षं कागद सांभाळले, आणि आता पुन्हा मागच्याच रांगेत आहे. म्हणजे ती रांग मला दोन्ही टोकांनी माहीत आहे.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. लॉज म्हटलं की आपल्याकडे 'बोर्डिंग-लॉजिंग'ची पाटी आठवते. माझ्या सासऱ्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "घर असताना लॉजवर कशाला जाता?" इथे लॉज म्हणजे फ्रीमेसन मंडळींची सभा. डिग्र्या म्हणजे तिच्यातल्या दीक्षेच्या तीन पायऱ्या, तिसरी झाली की माणूस मास्टर मेसन. दगडकाम करणाऱ्या गवंड्यांच्या संघटनांतून ही परंपरा आली असं सांगतात. लंडनला १७१७ मध्ये पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजेसची वरची संस्था झाली. मुंबईत १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं ते भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणूनच, आणि माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ त्यात पुढे होते. आपली स्वतंत्र ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ ला स्थापन झाली. ईश्वरावर श्रद्धा हवी, धर्म कोणताही चालतो, आणि सभेत धर्म-राजकारणावर वाद नाही. गुपित म्हणाल तर ओळखीच्या खुणा, शब्द आणि विधी. बाकी मी मेसन आहे हे मी चहाच्या टपरीवरही सांगतो. जुनी माणसं मेसनांच्या इमारतीला जादूघर म्हणायची, पण आत जादू म्हणावी तर जेवण वेळेवर मिळतं एवढीच.

आता तुमच्याकडे वळतो.

"कुणी काही सांगत नाही" हे वाक्य मी दर वर्षी एकदा तरी ऐकतो. सेक्रेटरीच्या टेबलामागून ते वेगळं दिसतं. लॉजमध्ये कामं भरपूर आणि करणारे सहा-सात. त्यांना वाटतं, हा पोरगा रेवदंड्याहून येतो, दुकान आहे, लहान मूल असेल, याला कशाला अडकवा. तुम्हाला वाटतं, वडीलधारे बसलेत, आपण पुढे पुढे कसं करायचं. दोघंही सभ्य, आणि सभ्यपणात तीन वर्षं निघून जातात. चौथ्या वर्षी माणूस वर्गणी भरतो पण येत नाही, पाचव्या वर्षी वर्गणीही थकते. असे राजीनामे मी फाइलला लावलेत. भांडून गेलेला त्यात क्वचित एखादा असेल.

तेव्हा सेक्रेटरीला फोन करा. पण "काही काम असेल तर सांगा" असं म्हणू नका. त्या वाक्याला सगळेच "हो हो, नक्की" म्हणतात आणि विसरतात. त्याऐवजी ठरावीक बोला. "पुढच्या मीटिंगला मी तासभर आधी येतो, मांडणीला हात लावतो." "पावत्यांचं काम माझ्याकडे द्या." "अलिबाग-मुरुड पट्ट्यात आपले कोण कोण आहेत त्यांची यादी द्या." आणि आपल्या कोकणी माणसाचं ते "बघू, जमलं तर येतो" हे निदान लॉजपुरतं सोडा. येणार असाल तर हो म्हणा, नसाल तर नाही म्हणा. जेवणाची पानं मोजायची असतात हो.

तासभर आधी येण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मी लॉज शिकलो ते त्या तासात. सभा सुरू झाली की सगळं जागच्या जागी दिसतं. पण काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा गालिचा कुणीतरी अंथरलेला असतो, तिन्ही चौरंगांवरच्या मेणबत्त्या कुणीतरी तपासलेल्या असतात, आणि धर्मग्रंथ कुणीतरी कपाटातून काढून पुसून ठेवलेले असतात. आपल्याकडे एका ग्रंथावर भागत नाही. गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि झेंद अवेस्ता यांची मांडणी असते, आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. हे सगळं बहुतेक वेळा टायलर एकटा करतो. टायलर म्हणजे दाराबाहेर उभा राहणारा पहारेकरी, पदांच्या यादीत सगळ्यात शेवटचा. आमच्या टायलरने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही. हे हत्यार इथेच का, ही खुर्ची पूर्वेलाच का, हे त्याला हात चालवता चालवता विचारायचं. तो खूश होतो, कारण इतर कुणी विचारत नाही.

पाठांतराची भीती सगळ्यांनाच असते, मराठी माध्यमवाल्यांना जास्त. विधी इंग्रजीत, तेही जुन्या वळणाच्या. मी वरसोलीच्या जिल्हा परिषद शाळेतला. चौथ्या वर्षी मला पहिल्या डिग्रीतल्या हत्यारांचा अर्थ सांगण्याचा भाग दिला. महिनाभर घोकला. त्या दिवशी उभा राहिलो, दोन वाक्यं म्हटली आणि पाटी कोरी. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर भरती येऊन ओहोटी लागल्यासारखं वाटलं. शेजारून माजी मास्टरांनी हळूच शब्द दिला, मी तोही चुकीचा उचलला. जेवताना मी मान खाली घालून बसलो होतो. एक म्हातारे पारशी ब्रदर माझ्या ताटात कटलेट वाढत म्हणाले, "दीकरा, पुढच्या खेपेला आ भाग तूच बोलजे." आणि मास्टरांना सांगून त्यांनी तो खरंच पुन्हा मलाच दिला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. डोळ्यांनी वाचून पाठ होत नाही, तोंडाने म्हणून होतं. भजनाच्या बारीत बुवा चाल कशी बसवतात? एक ओळ, पुन्हा तीच ओळ, मग दोन ओळी जोडून. तसंच. मी किनाऱ्यावर चालायला जातो तेव्हा म्हणतो, लाटांच्या आवाजात कुणाला ऐकूही येत नाही. दिवसाला तीन ओळी पुरे. आणि आधी अर्थ मराठीत स्वतःला सांगून बघायचा. अर्थ कळला की एखादा शब्द घसरला तरी वाक्य पडत नाही.

तुम्हाला तर यात वरदान आहे. ती हत्यारं तुमच्या दुकानात टांगलेली आहेत! चोवीस इंची पट्टी, हातोडी, छिन्नी ही पहिल्या डिग्रीची. गुण्या, पातळी, ओळंबा ही दुसरीची. आम्ही वकील-कारकून लोक ओळंब्यावर भाषण ठोकतो, आणि आयुष्यात भिंतीला ओळंबा लावलेला नसतो. तुमच्याकडे गवंडी रोज येतात. ओबडधोबड दगड आणि घडीव दगड ही जी जोडी लॉजमध्ये ठेवलेली असते ती आपल्या मुलखात समजावून सांगावी लागत नाही. दक्षिणेकडून ट्रक भरून जांभा चिरा येतो, त्यातला एक चिरा वाकडा निघाला तर वरच्या चार थरांना काय होतं ते तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला सांगेल. सेक्रेटरीला म्हणा, मला हत्यारांचा भाग द्या. तुमच्या तोंडी तो शोभेल.

त्या चोवीस इंची पट्टीचा अर्थ तुम्ही ऐकला आहेच. दिवसाचे चोवीस तास, त्यातला काही भाग प्रार्थनेला, काही काम आणि विश्रांतीला, काही गरजू मित्राला किंवा ब्रदरला, पण स्वतःचं आणि आपल्या माणसांचं नुकसान न करता. हे शेवटचे शब्द लोक भरभर म्हणून टाकतात. मी एक वर्ष इतका उत्साहात होतो की मुलीच्या दहावीच्या वर्षात मुंबईच्या फेऱ्या मारत होतो. बायकोने एकदाच विचारलं, "ती पट्टी तुमच्याकडे कितीची आहे?" तिला मी कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं, ते असं परत आलं.

पदांबद्दल थोडक्यात. साधारण क्रम असा: स्टुअर्ड, इनर गार्ड, ज्युनिअर डीकन, सीनिअर डीकन, ज्युनिअर वॉर्डन, सीनिअर वॉर्डन आणि मग मास्टर. दर वर्षी एक पायरी धरली तरी सहा-सात वर्षं. मास्टर मतदानाने निवडतात, त्याने आधी वॉर्डन म्हणून वर्ष काढलेलं असावं लागतं. ट्रेझररही निवडून येतो, बाकी बहुतेक नेमणुका मास्टर करतो. पालखीच्या मानकऱ्यासारखा हा मान घराण्यात चालत येत नाही, आणि नुसतं रांगेत उभं राहिलं म्हणून हक्कानेही मिळत नाही. स्टुअर्डचं काम आलं तर घ्या, म्हणजे जेवणाच्या वेळी वाढायचं, पाहुण्यांकडे बघायचं. तुम्ही दूर राहता, तर डीकनचं पद स्वीकारण्याआधी नीट विचार करा. डीकन उमेदवाराला हाताला धरून फिरवतो, तो गैरहजर राहिला की सगळ्यांचीच धांदल होते.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते.

तुम्ही सहभाग म्हणजे मुंबईतल्या त्या सभागृहात काय करता येईल असं धरून चाललात. पण लॉजला तुमच्यापेक्षा तुमच्या पत्त्याचा उपयोग जास्त आहे. मुंबईत ब्रदर पुष्कळ आहेत. साळाव पुलाच्या आसपास किती आहेत? आणि निवृत्त होऊन गावी आलेले, आजारी, किंवा गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या बायका, त्यांच्याकडे बघायला कोण आहे? प्रत्येक लॉजमध्ये आल्मनर म्हणून एक जण असतो, त्याचं कामच हे. पण तो बोरिवलीला राहत असेल तर मुरुडला फोनच करू शकतो.

माझी गोष्ट सांगतो. आमच्या लॉजमधले एक बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू ब्रदर, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन मुरुडकडे मूळ गावी आले होते. त्यांची भाषा तुमच्या-माझ्यासारखीच मराठी, त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं असं ते मानतात, धंदा तेल गाळायचा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. ते वारले. मुलं इस्राएलला. बाई एकट्या, मोठं कौलारू घर. आल्मनरने मला फोन करून एवढंच सांगितलं की जाऊन बघून ये. मी फळं घेऊन गेलो, अर्धा तास बसलो, "काही लागलं तर सांगा" म्हणून निघालो. त्या काही बोलल्या नाहीत. वर मी ज्या वाक्याला नावं ठेवली तेच मी बोललो होतो.

दुसऱ्या खेपेला मी विचारलं, "पेन्शन येतंय ना?" तेव्हा कळलं की चार महिने बंद होतं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नव्हता, आयुष्यभर भांडी घासून रेषा गेलेल्या. उद्या या, उद्या या करत बँकेने परत पाठवलं होतं, आणि रिक्षाचे पैसे घालून पुन्हा जायचा त्यांना कंटाळा आला होता. मी सोबत गेलो. शाखेतल्या माणसासमोर त्यांना उभं केलं, कागदी दाखला भरून घेतला, पोच घेतली. दीड तासाचं काम. थकलेली रक्कम एकदम जमा झाली. त्या दिवशी त्यांनी मलिद्याचं ताट समोर ठेवलं, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि मला बसवून त्यांच्या नवऱ्याची निळी पेटी उघडून दाखवली. आत एप्रन, मेसन सभेत कमरेला बांधतो तो, घडी घालून ठेवला होता. पुढे दर नोव्हेंबरला मी जात राहिलो.

यात लॉजचा एक पैसा खर्च झाला नाही. या कामाला पदही लागत नाही. आल्मनरला सांगा, रेवदंडा ते मुरुड माझ्याकडे. महिन्यातून एक रविवार द्या. मात्र दोन पथ्यं पाळा. जे बघाल ते फक्त आल्मनरला सांगायचं, ग्रुपवर फोटो टाकायचे नाहीत. आणि पैशाची गरज दिसली तर खिशातून देऊन मोकळं व्हायचं नाही, लॉजमार्फत रीतसर करायचं, नाहीतर पुढच्या वेळी ती व्यक्ती तुमच्यासमोर अवघडते.

निसर्ग वादळ तुम्हाला आठवत असेलच. ३ जून २०२०, वर टाळेबंदी, लॉजच्या सभा बंद. मुंबईहून फोन सुरू झाले: चादरी पाठवतो, बिस्किटं पाठवतो. भावना चांगली, पण इथे पाऊस डोक्यावर आणि छपरं उडालेली. मी उलटी यादी पाठवली: ताडपत्री, पत्र्याचे जे-हूक, नायलॉनचा दोर, खिळे, झाडं कापायला पेट्रोलवरची करवत, विहिरीवरचा पंप चालवायला जनरेटर. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, खोडांनी रस्ते आणि दारं अडलेली, वीज किती दिवसांनी येईल ते कुणी सांगत नव्हतं. पत्रे मिळत नव्हते. यादी गेल्यावर मुंबईच्या मंडळींनी झटपट गोळा केलं, कारण काय आणायचं ते कळलं. मधे इथला माणूस नसता तर चादरींचा टेम्पो आला असता. मला तेव्हा एखादा हार्डवेअरवाला ब्रदर हवा होता. जे-हूक किती इंची घ्यायचा यावर मी तीन फोन वाया घालवले. पुढच्या वेळी, आणि आपल्या किनाऱ्यावर पुढची वेळ येतेच, ती यादी तुम्ही करा.

पाहुणे म्हणून दुसऱ्या लॉजमध्ये जाणं हा मला आवडणारा भाग. मुंबईत भारतीय ग्रँड लॉजच्या लॉजेसबरोबर इंग्लिश आणि स्कॉटिश परंपरेची लॉजेसही चालतात, कारण १९६१ मध्ये सगळे नव्याकडे आले नाहीत. स्कॉटिश लॉजमध्ये एप्रनचे रंग लॉजप्रमाणे बदलतात, शब्द थोडे वेगळे, चाल वेगळी. आपलं तेच खरं हा समज एका संध्याकाळी उतरतो. पहिल्यांदा एकटे जाऊ नका, ओळखीच्या ब्रदरबरोबर जा. प्रमाणपत्र आणि वर्गणी भरल्याची पावती जवळ ठेवा, दारावर परीक्षा घेतील, रागावू नका. पुणे-मुंबईला माल आणायला जाताच, एखादी खेप मीटिंगच्या तारखेला जोडा.

काही गोष्टी टाळा. डिग्र्या गोळा करत सुटू नका. रॉयल आर्च, मार्क वगैरे पुढचं दार उघडं आहे, चांगलंही आहे, पण आपल्या मूळ लॉजमध्ये चार माणसं नावाने ओळखत नसताना छातीवर पदकं वाढवणारे मला कधी कळले नाहीत. लॉजमध्ये गिऱ्हाईक शोधू नका. कुणी आपणहून माल मागितला तर द्या, पण लॉजच्या यादीवर दिवाळीची सवलत पाठवलीत तर तुमच्याकडे बघण्याची नजर बदलेल. आणि ग्रुपवर राजकारण नको. सभेत जो नियम काटेकोर पाळतात तो मोबाइलवर सकाळी सातला मोडतात, हे आमच्या पिढीचंच जास्त आहे, कबूल.

अंतराबद्दल शेवटी, कारण खरी अडचण तीच. हजेरीच्या बंधनाला आपल्याकडे 'केबल टो' म्हणतात, म्हणजे बोट ओढायचा दोर, आणि जुन्या काळी त्याची लांबी तीन मैल धरत. रेवदंड्याला तो दोर कुठून पोचणार! वर्षाच्या सगळ्या मीटिंगा कराच असं मी म्हणणार नाही. पदग्रहणाची मीटिंग चुकवू नका, डिग्रीच्या दोन-तीन करा, बाकीच्यांना वेळेवर 'येत नाही' कळवा. जेवणानंतर गैरहजर ब्रदरांच्या नावाने पेला उचलतात. मला त्या क्षणी नेहमी आपल्या बाजूची माणसं आठवतात, वाटेवर वडखळ नाक्याच्या गर्दीत अडकलेली.

पूर्वी पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद झाली की आम्ही चार महिने वनवासात. २०२० मध्ये मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो सुरू झाली, आता हवा ठीक असेल तर पावसाळ्यातही जाता येतं. जाताना गाडी रो-रोवर घालायची, येताना शेवटची बोट गेलेली असते म्हणून पनवेल-पेण मार्गे यायचं, असा आमचा रिवाज आहे. एकट्याला ते परवडत नाही आणि रात्री झोपही येते, म्हणून या पट्ट्यातले आम्ही चौघं मिळून जातो. परतीच्या वाटेवर गाडीत एकमेकांचं पाठांतर ऐकतो, खिडक्या बंद करून.

त्यातले एक गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे सहा महिने येणार नाहीत, तेव्हा मागची एक जागा रिकामी आहे. या महिन्यात आमच्या लॉजला पाहुणे म्हणून या. अलिबाग एसटी स्टँडसमोर दुपारी उभे राहा, काळा सूट हातात घेऊन, अंगात नको, मांडव्यापर्यंत घामाने भिजेल. आणि दुकानातला एक ओळंबा आणा, आमच्या लॉजच्या ओळंब्याचा दोरा तुटलाय.